पाकिटाची मागची बाजू

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं सुपरमार्केट. तेलाच्या पिशव्यांचा ढीग. दोन हात एकेक पिशवी उचलून बघताहेत.)

कापसाचा चुकारा हातात आला, की महिन्याभराचा किराणा तालुक्याहून एकदमच भरायचा, ही विदर्भातल्या कितीतरी घरांची रीत आहे. पूर्वी काउंटरपलीकडचा दुकानदार माल काढून द्यायचा, भाव सांगायचा, कोणता माल नवा आला तेही सांगायचा. आता टोपली घेऊन आपणच रांगांमधून फिरतो. विचारायला कोणी नाही, सांगणारं फक्त पाकीट. त्याची पुढची बाजू कंपनी तिला हवी तशी सजवते. बाकीच्या बाजूंना, बहुतेकदा मागे आणि बारीक अक्षरात, जे छापलेलं असतं त्यातलं बरंचसं कायद्यामुळे छापावं लागलेलं असतं. आज तेच वाचू.

तेलापासून सुरुवात करू, कारण किराण्याच्या यादीतला मोठा खर्च बहुधा तोच. समजा, सोयाबीन तेलाच्या दोन पिशव्या आहेत. आकार सारखाच. एक १४५ रुपयांची, दुसरी १४० रुपयांची. हात आपसूक १४० कडे जातो. आता निव्वळ वजन बघा. पहिलीवर १ लिटर, म्हणजे ९१० ग्रॅम. दुसरीवर ८५० ग्रॅम. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार: पहिलं तेल किलोला १५९ रुपये पडलं आणि दुसरं १६५. पाच रुपयांनी स्वस्त दिसलेली पिशवी किलोमागे पाच रुपयांहून जास्तच महाग निघाली.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून लिटरभर तेलाचं वजन किलोभर भरत नाही, साधारण ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी तेल, चहा, बिस्किटं अशा काही वस्तू ठरावीक मापातच बांधाव्या लागत. ती सक्ती गेली आणि ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्या दिसू लागल्या. त्यात बेकायदा काही नाही, पण जुन्या सवयीने आपण तिला ‘एक लिटरची पिशवी’च म्हणतो, आणि तिथेच फसतो.

ही सक्ती काढताना ग्राहकाच्या हातात एक साधनही दिलं गेलं. एमआरपीजवळ ‘युनिट सेल प्राइस’ किंवा नुसतं ‘यूएसपी’ असं लिहिलेलं सापडेल. जानेवारी २०२४ पासून हा दर छापणं बंधनकारक आहे. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर तो एका ग्रॅमचा असतो, जास्त वजनाच्या पाकिटावर किलोचा. पातळ वस्तूंना मिलिलिटरचा किंवा लिटरचा. दोन पुडे शेजारी धरायचे आणि हाच आकडा बघायचा.

मात्र त्यात दोन अडचणी आहेत. एका पिशवीवर दर लिटरचा आणि दुसरीवर ग्रॅमचा असेल, तर ती तुलनाच होत नाही. दोन्ही वजनावर आणावे लागतात. दुसरी अडचण दशांशाची. आपल्या ८५० ग्रॅमच्या पिशवीचा दर ग्रॅमला १६.४७ पैसे. दोन दशांशांत छापला तर तो ०.१६ रुपये होतो, म्हणजे किलोला १६०. खरा दर १६५. पाच रुपयांचा फरक छपाईतच बुडाला. म्हणून तेल, डाळ, साखर अशा मोठ्या खरेदीला फोनवर भागाकार केलेलाच बरा. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतोच असंही नाही. दहा रुपयांचे पाच पुडे पन्नासच्या एका पुड्यापेक्षा जास्त वजनाचे भरू शकतात. बघितल्याशिवाय कळत नाही.

तेलाबद्दल आणखी दोन गोष्टी. पुढे फल्लीदाण्यांचं चित्र असेल आणि मागे ‘ब्लेंडेड’ असा शब्द असेल, तर ते मिश्रण आहे. अशा मिश्रणात प्रत्येक तेल किमान २० टक्के लागतं आणि कोणतं तेल किती टक्के, तेही छापावं लागतं. म्हणजे फल्ली तेल २० टक्के आणि बाकी ८० टक्के दुसरंच, असं असू शकतं. ते वाईट म्हणून सांगत नाही. फल्ली तेलाचा भाव देऊन ते घेऊ नका, एवढंच. आणि ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना जास्त पैसे मोजू नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. सरकी, सोयाबीन, जवस, करडई, कोणत्याही वनस्पती तेलात ते मुळातच नसतं.

(दृश्य: बिस्किटांची रांग. कॅमेरा एका पुड्यावरच्या ज्वारीच्या कणसावर थांबतो, मग पुडा उलटा होतो.)

इथे जरा थांबू, कारण लेकरांच्या पोटात सगळ्यात जास्त हेच जातं. सकाळी चहाबरोबर, दुपारी शाळेतून आल्यावर, वावरात निघताना पदराला बांधूनसुद्धा.

घटकांच्या यादीचा एक नियम पाठ करून ठेवा: जे वजनाने सर्वांत जास्त, ते पहिलं. मग उतरत्या क्रमाने बाकीचं. ज्वारीच्या बिस्किटाची यादी मैदा, साखर, पाम तेल अशी सुरू झाली, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. पुढे ज्वारीचं नाव मिरवलं, की मागे ज्वारी किती टक्के तेही लिहावं लागतं. घटकाच्या नावापुढच्या कंसातला तो आकडा शोधा. तिथे ५ असेल, तर १०० ग्रॅमच्या पुड्यात ज्वारीचं पीठ ५ ग्रॅम आहे. ‘मल्टिग्रेन’, ‘ओट्स’, ‘बदाम’, सगळ्यांना हीच फूटपट्टी लावा.

यादी बहुतेक वेळा इंग्रजीत असते, कारण नियमाने इंग्रजी किंवा हिंदी चालते, मराठीची सक्ती नाही. फोनच्या भाषांतराच्या ॲपमध्ये कॅमेरा सुरू करून पुड्यावर धरला की मराठी दिसतं. भाषांतर ओबडधोबड होतं, पण कामापुरतं कळतं. ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. गव्हाचं बिस्किट हवं असेल तर ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ हे शब्द यादीत पहिले यायला हवेत.

साखर मात्र एका नावाने येत नाही. इन्व्हर्ट शुगर सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ही सगळी तिचीच घरची माणसं. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवतं. एकच गोडवा तीन नावांत वाटला की प्रत्येकाचं वजन कमी भरतं आणि प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं. बेरीज केली तर तीच मैद्याच्या खालोखाल येते. म्हणून यादीवर न थांबता पोषणाच्या तक्त्याकडे जायचं.

तक्त्यात एक आकडा १०० ग्रॅमचा असतो. दुसरा ‘पर सर्व्ह’, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा. तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या आकड्यांची करायची, कारण एक सर्व्हिंग किती हे कंपनी ठरवते. समजा तिने ते दोन बिस्किटं, १५ ग्रॅम, ठरवलं. १०० ग्रॅममध्ये साखर २६ ग्रॅम असली तरी त्या रकान्यात चारच ग्रॅम दिसेल. लेकरू दोन बिस्किटांवर थांबतं का? पूर्ण १०० ग्रॅमचा पुडा संपला, तर ती २६ ग्रॅम साखर म्हणजे पाच चहाचे चमचे. तक्त्यातले टक्के दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशोबाने काढलेले असतात; त्यात वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मात्रा ५० ग्रॅम धरली आहे. सहा वर्षांच्या पोराला तो हिशोब लागू पडत नाही.

त्याच पैशात आणखी काय येतं, तेही बघा. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या तक्त्यात प्रथिनं १०० ग्रॅमला सहासात ग्रॅम असतात. शेंगदाण्यात ती सुमारे २४ ग्रॅम, हरभऱ्यात १९च्या आसपास. म्हणजे फुटाण्यांचा किलोचा भाव बिस्किटाहून जास्त असला, तरी प्रथिनांच्या मापाने फुटाणेच स्वस्त पडतात. आमच्या मते बिस्किटाच्या रांगेतली सगळ्यात चांगली निवड शेजारच्या कडधान्याच्या रांगेत आहे.

(दृश्य: नूडल्स, चिप्स, पापड.)

इथे ‘सोडियम’ हा शब्द शोधायचा. तक्त्यात मीठ सहसा मीठ म्हणून येत नाही, सोडियमच्या मिलिग्रॅममध्ये येतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण एक ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, चहाचा एक सपाट चमचा. नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर त्या एका पाकिटातून ८४० मिलिग्रॅम सोडियम गेलं. दोन ग्रॅमहून जास्त मीठ, आणि अजून भाकर, ठेचा, लोणचं व्हायचंच आहे. पापडात मिठाबरोबर पापडखारातलं सोडियमही येतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल, तर पाकीट टोपलीत टाकण्याआधी एवढा एक आकडा तरी बघाच.

(दृश्य: मोर्शी-वरूडकडची संत्र्याची बाग. त्यानंतर फ्रिजमधल्या नारंगी बाटल्या.)

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड. झाडं फळांनी वाकलेली असतात आणि त्याच गावांतल्या दुकानांत संत्र्याचं चित्र असलेल्या बाटल्या विकल्या जातात. हे बघून जीव तुटतो. बाटलीवर ‘फ्रूट ड्रिंक’ असेल, तर त्यात फळाचा रस साधारण १० टक्के असला तरी नियमात बसतो. यादीत रसाचं नावच नसेल आणि ‘ऑरेंज फ्लेवर’ व ‘आयएनएस ११०’ असेल, तर चव फ्लेवरची आणि नारंगीपणा सनसेट यलो या रंगाचा. १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर असेल, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. ‘१०० टक्के ज्यूस’ हा दावा अर्कात पाणी मिसळून केलेल्या रसावरून काढून टाका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी ऑनलाइन दुकानांनी ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यात ठेवू नयेत असंही सांगितलं, कारण कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ची व्याख्याच नाही.

मसाल्यांचं थोडक्यात. तिखटात दोन टक्क्यांपर्यंत खाद्यतेल घालायला परवानगी आहे, पण ते लिहायला हवं. हिंगाच्या डबीवर ‘कंपाउंडेड’ असतं, म्हणजे पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला हिंग. महाग आणि स्वस्त डबीतला फरक यादीत आधी काय येतं त्यावरून कळतो. दुधाच्या पिशवीवर टोन्ड असेल तर फॅट तीन टक्के, फुल क्रीमला सहा. उन्हाळ्यात आइस्क्रीम घेताना ‘फ्रोझन डेझर्ट’ हे शब्द दिसले, तर त्यात वनस्पती तेल असू शकतं. आइस्क्रीमचा भाव देऊ नका.

(दृश्य: मे महिना. गावातलं टिनाचं दुकान, उन्हात तापलेलं.)

तारीख. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली, की माल घेऊ नये आणि विकूही नये. ‘बेस्ट बिफोर’ चवीची, कुरकुरीतपणाची मुदत सांगते. पण ही मुदत ‘थंड आणि कोरड्या जागी ठेवा’ या ओळीला बांधलेली आहे. ती ओळ कोणी वाचत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि टिनाखाली ठेवलेलं पाकीट त्याहून तापतं. उष्णतेने आणि उजेडाने तेल खवट होतं. चिवडा, शेव, चिप्स, शेंगदाणे मुदतीच्या आतच वास मारू लागतात. उन्हाळ्यात तळलेला माल घ्यायचा असेल तर अलीकडच्या तारखेचा आणि छोटा पुडा घ्या. दारातल्या उन्हात टांगलेल्या माळेतला तर घेऊच नका.

पाकिटावर १४ आकड्यांचा एक क्रमांकही असतो, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या उद्योगाची नोंदणी. राज्याकडून मिळालेल्या क्रमांकात पुढचे दोन आकडे १५ असतील तर तो महाराष्ट्रातला. बचत गटाच्या पापड-शेवयांवर २१५ ने सुरू होणारा क्रमांक दिसेल. क्रमांक आहे म्हणून माल चांगलाच असेल असं नाही, पण तो कोणी केला हे त्यावरून शोधता येतं. वजन कमी भरलं किंवा एमआरपीच्या वर पैसे घेतले, तर पावती आणि पाकीट जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा.

(दृश्य: शाळेजवळची टपरी. बरण्या, लटकणाऱ्या छोट्या पुड्या.)

राहिला प्रश्न या पुड्यांचा. ज्या पाकिटाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्याएवढंच आहे, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे. म्हणजे लेकरं स्वतःच्या पैशांनी जे घेतात, नेमकं त्याच्यावरच वाचायला काही नसण्याची शक्यता जास्त. पण ही माहिती ज्या मोठ्या पाकिटातून किंवा खोक्यातून त्या पुड्या येतात, त्याच्यावर द्यावी लागते. टपरीवाल्याकडे ते खोकं मागा. बहुधा ते रिकामं होऊन फळीखाली पडलेलं असतं, किंवा चुलीत गेलेलं असतं. दुकानदारांनाही एक विनंती: खोकं टाकण्याआधी यादीची बाजू कात्रीने कापून बरणीला चिकटवा.