तळालगतचे अडीच मीटर

(दृश्य: फिश फाइंडरचा दुभागलेला पडदा)

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र. डावीकडे ५० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीच्या आवाजाचं चित्र, उजवीकडे २०० चं. होडी एकच, खोली ३० मीटर. डाव्या भागात पाण्याच्या मधोमध माशांच्या तीन कमानी उमटल्यात, उजव्या भागात एकही नाही. यंत्र ठणठणीत आहे. दोन्ही भाग खरंच बोलताहेत, फक्त दोघांनी पाहिलेलं पाणी सारखं नाही.

५० किलोहर्ट्झच्या आवाजाचा झोत इथे ४५ अंशांचा आहे, २०० चा २० अंशांचा. झोत खाली जाताना शंकूसारखा पसरतो. खोलीला पहिल्यासाठी ०.८३ ने आणि दुसऱ्यासाठी ०.३५ ने गुणलं की तिथल्या वर्तुळाचा व्यास मिळतो. म्हणजे या तळावर एक वर्तुळ २५ मीटरचं, दुसरं साडेदहा मीटरचं. ते तीन मासे मोठ्या शंकूत होते, लहान शंकूच्या बाहेर. होडीच्या डावीकडे की उजवीकडे, हे मात्र दोन्ही भाग सांगू शकत नाहीत.

(दृश्य: टेबलावर कापून उघडलेला ट्रान्सड्यूसर)

ट्रान्सड्यूसर म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग. आत ही सिरॅमिकची चकती. विजेचा झटका मिळाला की थरथरते, परत आलेल्या प्रतिध्वनीने थरथरली की वीज देते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. २०० किलोहर्ट्झला लाटेची लांबी साडेसात मिलिमीटर पडते, ५० ला ३० मिलिमीटर. चकतीच्या मानाने लाट जितकी आखूड, तितका झोत आवळलेला. त्यामुळे एकाच चकतीतून अरुंद झोतही निघतो आणि रुंदही. बटण दाबल्यावर बदलते ती फ्रिक्वेन्सी, झोत तिच्यामागून बदलतो. खोल समुद्रात ५० च लागतात, कारण वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज पाण्यात लवकर विरतो.

माहितीपुस्तिकेतला कोन म्हणजे भिंत नव्हे. मधल्या रेषेच्या तुलनेत आवाजाची ताकद निम्मी उरते तिथपर्यंत तो सहसा मोजतात. काही उत्पादक याहून क्षीण कड धरतात. त्या कडेपलीकडेही आवाज जातोच, फक्त दुबळा. गेन, म्हणजे परतलेला आवाज किती मोठा करून दाखवायचा ते, वाढवला की तोही पडद्यावर येतो. थोडक्यात, गेन वाढवणं म्हणजे झोत रुंद करणंच. वीस अंशांवर ठेवून गेन शेवटापर्यंत चढवला, तर ते वीस अंश नावापुरते उरतात.

(दृश्य: पडद्यावर तळाची रेषा, जवळून)

आता तळाकडे पाहू. तळाचा सर्वात जवळचा बिंदू पहिला प्रतिध्वनी देतो आणि यंत्र तिथेच रेषा मारतं. सपाट तळावर हा बिंदू बरोबर होडीखाली, ३० मीटरवर. पण ४५ अंशांच्या झोताची कड तळाला टेकते ती ट्रान्सड्यूसरपासून साडेबत्तीस मीटरवर. त्या कडेला, तळापासून अडीच मीटर उंचीपर्यंत मासा असला, तरी त्याचा आवाज तळाच्या आवाजानंतर पोचतो आणि जाड रेषेत मिसळून जातो. २० अंशांच्या झोतात हाच आंधळा थर जेमतेम अर्ध्या मीटरचा. उतार असेल तर आणखी वाईट. झोत उताराच्या वरच्या टोकाला आधी लागतो आणि खोल बाजूचा मासा रेषेखाली गाडला जातो. तळालगतचा मासा शोधायचा तर अरुंद झोत. यंत्राच्या आपोआप चालणाऱ्या ‘ऑटो’ सेटिंगच्या भरवशावर हा निर्णय सोडू नये.

चुकीचा झोत धरून टाकलेलं जाळं खडकात अडकू शकतं. मग इंधन, वेळ, जाळं, तिन्ही जातं.

(दृश्य: एक कमान सावकाश तयार होताना)

कमान म्हणजे माशाचा आकार नव्हे. मासा शंकूच्या कडेला शिरतो तेव्हा अंतर जास्त, मधोमध आला की कमी, बाहेर पडताना पुन्हा जास्त. झालं. होडी आणि मासा दोन्ही थांबले तर कमानीऐवजी आडवी रेघ येते, कारण पडद्याची आडवी बाजू अंतराची नाही, वेळेची आहे. शंकूची फक्त कड चाटून गेलेला मासा अर्धीच कमान देतो. लांबीवर जाऊ नका, जाडी बघा. आणि माशांची ती चित्रं दाखवणारी सोय आधी बंद करा. बुडबुडे, गवत, तरंगता पालापाचोळा, सगळ्यांना ती मासाच म्हणते.

(दृश्य: मेनूवर फिरणारं बोट)

रेंज, म्हणजे पडदा किती खोलीपर्यंत दाखवेल ते, हाताने लावा, खोलीपेक्षा थोडीच जास्त. ३० मीटरवरून आवाज परत यायला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला आवाजाचे फार तर २५ ठोके. रेंज ३०० मीटर ठेवली आणि यंत्र तेवढं थांबत बसलं, तर ठोके अडीचवर येतात आणि कमानी तुटक होतात. मग गेन. पडद्यावर बारीक ठिपक्यांची भुरभुर सुरू होईपर्यंत वाढवा, तिथून एक-दोन पायऱ्या मागे या. रेंज तात्पुरती खोलीच्या दुपटीहून जास्त करून पाहा: कठीण तळावर दुप्पट खोलीला दुसरी रेषा दिसू लागली, तर गेन पुरेसा आहे एवढं कळतं. नॉइज फिल्टर सर्वात शेवटी आणि कमीत कमी; तो आधी लहान मासे गिळतो.

उथळ पाण्यात हिशोब उलटा. ५ मीटर खोलीवर २० अंशांचं वर्तुळ पावणेदोन मीटरचं. सेकंदाला ५ मीटर वेगाने ते एक तृतीयांश सेकंदात मागे पडतं. तिथे रुंद झोतच घ्यावा.

(दृश्य: होडीची मागची बाजू, पाण्याखालून)

हे सगळं व्यर्थ जातं ते इथे. ट्रान्सड्यूसर प्रोपेलरपासून दूर हवा, आणि होडीच्या तळाच्या पट्ट्या किंवा रिव्हेटच्या ओळीच्या थेट मागे नको, कारण तिथून बुडबुड्यांची रांग निघते. त्याचं तोंड होडीच्या तळाच्या किंचित खाली. वेगात चित्र जातं आणि थांबल्यावर परत येतं, तर दोष बहुधा बुडबुड्यांचा. बहुतेक कमानींचा एकच पाय लांब दिसत असेल, तर ट्रान्सड्यूसर पुढे किंवा मागे कललाय. स्क्रू सैल करून सरळ करा, पुन्हा त्याच जागेवरून फेरी मारा.

(दृश्य: तेच ठिकाण, दुसरी फेरी)

२० अंश, रेंज ३५, गेन दोन पायऱ्या खाली. तळाची रेषा आता बारीक आहे. तिच्या वर हाताएवढी मोकळी पट्टी, आणि त्या पट्टीत चार ठिपके.