काट्याच्या कुशीतला ओक

वायव्य जर्मनीतलं हे नॉयेनबुर्गचं जंगल. नाव ‘उर्वाल्ड’, म्हणजे आदिम अरण्य. माणसाचा हात न लागलेलं.

आता हा ओक बघा. माणसाच्या डोक्याच्या जरा वर, हा जाड फांदीचा वाळका ठोंब. दाटीत वाढणारं झाड उन्हासाठी सरळ वर धावतं, आडव्या फांद्या पसरायला त्याला फुरसत नसते. हा मात्र चहूबाजूंनी ऐसपैस वाढला. म्हणजे तो लहान होता तेव्हा भोवती मोकळं रान होतं. गुरं चरत होती. ओकच्या बिया गळू लागल्या की गावची डुकरं इथेच हाकली जायची. उर्वाल्ड कसलं, हे तर गायरान!

1800च्या आसपास हार्टिग आणि कोटा या जर्मन वनतज्ज्ञांच्या पिढीने शास्त्रीय वनव्यवस्थापन उभं केलं. त्यांच्या हिशेबात गुरं म्हणजे रोपांचे वैरी. मूळचं जंगल दाट, चराईने ते विरळ झालं, असंच पुढच्या पिढ्या शिकत गेल्या. गुरं रानाबाहेर गेली. इथूनही गेली. मग या म्हाताऱ्या ओकांखाली काय उगवलं? बीचची झाडं. जिकडे बघाल तिकडे बीच. त्या गडद सावलीत ओकचं रोप काही वर्षांत मान टाकतं.

2000 साली डच परिसंस्थातज्ज्ञ फ्रान्स व्हेरा यांनी, मूळचं जंगल खरंच दाट होतं का, हा वाद नव्याने पेटवला. त्यांचं म्हणणं, मूळचा युरोप म्हणजे राई आणि कुरणांची सरमिसळ, आणि ती राखणारे होते रानबैल, बायसन, रानघोडे.

मग गुरांच्या तोंडून ओक वाचतो कसा? हे इंग्लंडमधलं न्यू फॉरेस्ट. इथे सामाईक चराई आजही चालते. आणि हा ‘जे’ नावाचा पक्षी, पंखावर निळा पट्टा. घशात ओकच्या बिया कोंबून तो उघड्यावर येतो, एकेक बी मातीत खुपसतो, वरून पालापाचोळा ओढतो. हिवाळ्याची बेगमी. खायच्या राहिलेल्या बिया रुजतात, काही ब्लॅकथॉर्नच्या काटेरी जाळीत. आपल्याकडे करवंदीच्या जाळीत एखादं रोप शेळीच्या तोंडून वाचतं ना, तसंच. ‘काटा ही ओकची आई’, असं इथले जुने लोक म्हणत.

2005 मध्ये डब्लिनचे अभ्यासक फ्रेझर मिचेल यांनी व्हेरांच्या विरोधात आयर्लंडच्या प्राचीन परागकणांचा पुरावा पुढे केला: तिथे ना रानबैल, ना बायसन, तरी ओक होताच. आणि व्हेरांच्या विचारावर चाललेल्या डच अभयारण्यात 2017-18च्या हिवाळ्यात 3,000हून जास्त जनावरं मेली; उपासमारीने खंगलेल्या बहुतेकांना गोळी घातली गेली.

ही जाळी जरा बाजूला करू. आत वीतभर रोप. पानांच्या कडा लाटांसारख्या. बाहेर पोनी चरतो आहे. नाक काट्यांपर्यंत आणतो. फुरफुरतो. मागे वळतो.