गंज नंबर १७ : बिछायतीच्या दुकानातला डेटाबेस

[नागपूरच्या महाल भागातली गल्ली, सकाळ. टेम्पोत खुर्च्या चढतायत.]

सकाळचे सात वाजलेत. टेम्पो गल्लीत आडवा लागलाय, मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवून राहिला पण कोणी मान वर करून बघत नाही, कारण तुळशीचं लग्न आटोपलंय आणि आता माणसांच्या लग्नांची लाइन लागलीय. हे बिछायत केंद्र. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, गाद्या, लोड, सतरंज्या, कनाती, खुर्च्या, स्वयंपाकाची दांडगी भांडी असं सगळं भाड्यानं देणारं दुकान म्हंजे बिछायत केंद्र.

आम्ही इथं आलो होतो डेटाबेस म्हंजे काय ते दाखवायला. हसू नका. डेटाबेसचं पुस्तक उघडा, पहिल्या धड्यात बहुतेक कॉलेजच असतं, विद्यार्थी, रोल नंबर, मार्क, आणि पोरं परीक्षेपुरतं पाठ करून मोकळी होतात. इथं रोल नंबर गंजाला असतो.

[क्लोजअप : नाव टाकायची मशीन, पितळी गंजाचा काठ. अर्धा मिनिट निवेदन नाही, फक्त आवाज.]

गंज म्हंजे पुण्याकडचं पातेलं. हा गंज शंभर माणसांच्या वरणाचा. काठावर दुकानाची दोन अक्षरं आणि पुढं नंबर. दुकानात सारख्याच मापाचे, सारखेच चेपलेले चाळीसेक गंज आहेत, लांबून कोणता कोणता ते दुकानाच्या मालकांना, आबाजींनाही सांगता येत नाही, म्हणून नंबर.

आणि आबाजींचा एक नियम आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सतरा नंबरचा गंज एका लग्नात गेला तो परत आलाच नाही. नंतर नवीन गंज कितीतरी आले, पण सतरा नंबर कोणालाच दिला नाही. का? तर जुन्या वहीत जिथं जिथं सतरा लिहिलंय तिथं तो जुना गंज आहे, नवीनाला तोच नंबर दिला तर दोघांचा हिशेब एकमेकांत घुसेल. कॉम्प्युटरवाले याला प्रायमरी की म्हणतात, म्हंजे प्रत्येक वस्तूला तिची एकटीची ओळख, आणि शहाणा माणूस एकदा वापरलेली की दुसऱ्याला देत नाही. आबाजी सातवी शिकलेत.

[वह्या. लाल कापडी पुठ्ठे. हात पानं उलटतोय.]

आता वह्या बघा, मुद्दाम सावकाश दाखवतोय. ही पार्टी वही, कोण गिऱ्हाईक, कुठं राहतं. ही माल वही, दुकानात काय काय आहे. आणि ही जावक-आवक, काय गेलं, कोणाकडं गेलं, कधी आलं. तिसऱ्या वहीत गिऱ्हाइकाचा पत्ता परत लिहिलेला नाही, फक्त पार्टी वहीतला नंबर टाकलाय. पत्ता पाहिजे तर तिकडं जाऊन बघा. हाच नंबर डेटाबेसमध्ये फॉरेन की होतो, एका टेबलातून (टेबल म्हंजे आपली एक वही) दुसऱ्या टेबलाकडं दाखवलेलं बोट समजा.

पण हे आबाजी स्वतः गादीवर बसायचे तोवरच. मग मुलं आली, वह्या कोणीही लिहायला लागलं, आणि एकच माणूस तीनदा आला. एकीकडं देशमुख वकील, एकीकडं वकीलसाहेब नंदनवन, आणि तिसरीकडं नुसतंच देशमुख, कंसात चष्मेवाले. वकीलसाहेबांनी घर बदललं तर पत्ता एका जागी सुधारला, दोन जागी जुनाच राहिला, आणि गाद्यांचा टेम्पो नंदनवनात जाऊन उभा. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, बाकीच्यांनी तिच्याकडं बोट दाखवायचं. नॉर्मलायझेशन नावाखाली कॉलेजात जे दोन आठवडे शिकवतात त्याचा गाभा एवढाच आहे, बाकी त्याचे बारकावे.

[नात, पलंगावर वही घेऊन. मागं लॅपटॉप बंद.]

ही आबाजींची नात. बीसीए, म्हंजे कॉम्प्युटरच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला. तिनं पहिल्यांदा काय केलं ते तीच सांगते, एक्सेलची शीट उघडली आणि सगळं त्यात ओतलं. पंधरा दिवसांत खुर्च्यांच्या कॉलममध्ये '३०० + ५० दुसऱ्याकडून' असं कोणीतरी लिहून ठेवलं. आता याची बेरीज कोण करणार? शीट अशा गोष्टी सहसा खपवून घेते. आपण आधी बंधनं घातली नाहीत तर ती काही अडवत नाही.

इथंच फरक आहे. डेटाबेस म्हंजे वह्या. आणि डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम, डीबीएमएस, म्हंजे वह्या कोणाच्या हातात न देणारा गादीवरचा माणूस. तुम्ही त्याला सांगायचं काय लिहायचं, तो आधी बघणार की खुर्च्यांच्या रकान्यात आकडाच आहे ना, ही पार्टी वहीत आहे ना, तुम्हाला लिहायचा हक्क आहे ना, आणि मगच लिहिणार. नाहीतर सरळ परत पाठवणार. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल ही अशाच माणसांची नावं. नातीनं पोस्टग्रेस घेतलं, कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेलं काम, आज कोणीही फुकट वापरू शकतं. लायसन्सचे पैसे मागायला घरात कोणाकडं जाणार, म्हणून.

[जुने फोटो : रॉकेट, मोठाले कॉम्प्युटर.]

हे फोटो आमचे नाहीत, पण गोष्ट इथं लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अपोलो मोहिमेत रॉकेटच्या सुट्या भागांची यादी सांभाळायचा प्रश्न होता. आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीनं त्यासाठी आयएमएस नावाची सिस्टीम बनवली. तिच्यात माहिती झाडासारखी, खोडातून फांदी, फांदीतून डहाळी. मांडवाची यादी पण अशीच असते बघा, मांडवात बल्ल्या म्हंजे खांब, कनाती, दोर. वरून खाली येताना मस्त चालतं. पण उलट विचारा की हा गंज आजवर कोणाकोणाकडं गेला, की प्रत्येक झाडावर चढून बघा.

१९७० साली एडगर कॉड नावाच्या गणितवाल्यानं एक पेपर लिहिला. जन्मानं इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमान उडवलेलं, आणि तेव्हा आयबीएमच्याच सॅन होजेच्या लॅबमध्ये. त्याचं म्हणणं, झाड सोडा, सगळं साध्या टेबलांत ठेवा, आणि टेबलं एकमेकांना जोडा ती आतल्या किमतींनी, म्हंजे आपल्या त्या नंबरांनी. मग कुठल्याही बाजूनं विचारा. १९७४ साली आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी विचारायची भाषा मांडली, नाव सीक्वेल, पण ते नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क निघालं म्हणून झालं एसक्यूएल. गंमत म्हंजे आयबीएमचं आयएमएस चांगलं खपत होतं, त्यामुळं घरच्याच माणसाची कल्पना बाजारात आणायला त्यांनी वेळ लावला आणि १९७९ मध्ये ओरॅकल पुढं निघून गेलं. कॉडला १९८१ मध्ये ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, कॉम्प्युटरवाल्यांचं सगळ्यात मानाचं बक्षीस.

आबाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग आपल्या तीन वह्या त्याच्या आधीच्या हाय."

[गोदाम. खुर्च्यांच्या उतरंडी. दोन फोन एकदम वाजतात.]

आता लग्नाच्या सीझनमधली खरी गडबड. दुकानात ५०० खुर्च्या. नातीचे बाबा दुकानाच्या फोनवर, काका गोदामातल्या फोनवर. एकाच मुहूर्ताला दोघांकडं ३०० ची मागणी येते, दोघंही आपापल्या कागदावर बघतात, ५०० दिसतात, दोघंही हो म्हणतात. ६०० कबूल झाल्या. हे खरंच झालंय, पण त्या रात्री आम्ही तिथं नव्हतो, त्यामुळं दाखवायला काही नाही. घरात त्यावरून बरीच बोलाचाली झाली.

डीबीएमएस इथं काय करतं? खुर्च्या बघणं आणि खुर्च्या धरणं हे एकच काम मानतं, ट्रान्झॅक्शन. बाबांचं काम चालू असताना त्या ओळीला कुलूप, काका थांबतात, सेकंदभरही नसेल, आणि त्यांच्या पुढ्यात आकडा येतो २००. अर्थात प्रोग्राम तसा लिहिला पाहिजे, कुलूप मागितलंच नाही तर कोणी लावून देत नाही, नात पहिल्यांदा तिथंच चुकली होती. आणि ट्रान्झॅक्शन एक तर पूर्ण होतं नाहीतर झालंच नाही, ॲडव्हान्स जमा पण बुकिंग नाही असं अर्धवट लटकत नाही.

[लाइट जाते. अंधार. टॉर्च.]

ही लाइट खरोखर गेली, आम्ही नाही घालवली. मधेच लाइट गेली तर? आबाजींची पद्धत, आधी रोजकीर्दीत, म्हंजे रोजच्या नोंदवहीत पटकन ओढायचं, नंतर निवांत खतावणीत, म्हंजे खात्यांच्या वहीत चढवायचं. पोस्टग्रेसही तेच करतं, आधी लॉगमध्ये, म्हंजे त्याच्या रोजकीर्दीत नोंद पक्की, मग खऱ्या टेबलात. लाइट आली की लॉग वाचून राहिलेलं पुरं करतं. बॅकअप मात्र वेगळा घ्यावाच लागतो, डिस्कच जळाली तर लॉग पण तिच्यातच जळतो.

[स्क्रीन, थोडक्यात.]

स्क्रीनवर बघण्यासारखं फार काही नाही म्हणून पटकन जाऊ. एसक्यूएलमध्ये विचारायचं, सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, गंज नंबर १७. एंटर. वीस-बावीस ओळी, कुठल्या कुठल्या लग्नात गेला ते तारखेसकट. जुन्या वह्यांतून हे सगळं चढवायला तिला दोन उन्हाळे लागले. शेवटच्या ओळीत परत आल्याची तारीख रिकामी. शून्य नाही, रिकामी, डेटाबेसमध्ये याला नल म्हणतात, म्हंजे माहीत नाही. तिनं ती ओळ पुसली नाही.

आता बुकिंग फोनवरून होतं, काकांनी वेगळं दुकान टाकलं, आणि वह्या लिहिणारा माणूस गोदामात खुर्च्या मोजतो.

[रात्र. टेम्पो परत आलाय. खुर्च्या उतरतायत.]

मोजणी चालू आहे. दोनशे शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. टेम्पो रिकामा. तो माणूस परत एकदा वाकून आत बघतो, मग ड्रायव्हरला म्हणतो, "दोन कमी हाय बे, हॉलवर फोन लाव." नात फोनवर २९८ टाकते. दोन खुर्च्यांच्या परतीची तारीख रिकामी राहते, ड्रायव्हर गाडी वळवतो.