तांब्यासारखं पोट: एका डच फ्लाउटचं मॉडेल

मागून बघा हिला. पुढून नको, बाजूने पण नको, आधी मागून. आपला तांब्या असतो ना, खाली गोल गरगरीत पोट आणि वर गळ्याशी एकदम आवळलेला, तश्शी दिसते की नाही? ही फ्लाउट. सतराव्या शतकातलं डच लोकांचं मालवाहू शिडाचं जहाज, आणि हे तिचं मॉडेल, १:५० स्केलचं. लांबी ५६.६ सेंटिमीटर. हा आकडा असा अर्धवट का, तर त्या काळी ॲमस्टरडॅमचा स्वतःचा वेगळा फूट होता, २८.३ सेंटिमीटरचा, आणि त्यात इंच बारा नव्हते, अकरा होते. मी शंभर फुटी जहाज धरलं, म्हणजे २८.३ मीटर, भागिले पन्नास.

मी नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमजवळच्या ॲम्स्टलवेनला राहतो, आणि हे टेबल खिडकीशी आहे कारण हिवाळ्यात इथे उजेड चारनंतर संपतोच. शिडाच्या जहाजांची मॉडेल्स करणारे बहुतेक जण लढाऊ जहाज घेतात, तोफांच्या रांगा, मागे सोनेरी कोरीवकाम, आणि ती दिसतातही भारी, नाही म्हणत नाही. पण मला ही करायची होती. कारण या देशाचं पोट हिने भरलं. बाल्टिक समुद्रातल्या डान्झिगहून, म्हणजे आजच्या ग्दान्स्कहून, राय नावाचं गव्हासारखं धान्य आणि गहू भरून आणायचे, नॉर्वेहून लाकूड आणायचं, वर्षानुवर्षं तेच काम. मसाल्यांच्या जहाजांचं नाव जास्त झालं, पण डच लोक या बाल्टिकच्या धंद्याला सगळ्या व्यापारांची आई म्हणायचे.

पहिली फ्लाउट १५९५ मध्ये होर्न या गावात बांधली असं मानतात, आणि तिच्याशी नाव जोडलं जातं पीटर यान्सझोन लिओर्न याचं. होर्न ॲमस्टरडॅमहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत येतं. धक्क्यावर १५३२ चा जुना बुरूज अजून उभा आहे आणि त्याच्या पायाशी उभं राहिलं की समोर पाणीच पाणी, पण ते आता समुद्राचं नाही, गोडं पाणी आहे, कारण १९३२ मध्ये बांध घालून इथली खाडीच बंद केली. त्या काळी मात्र इथून निघालं की उथळ पाणी, वाळूचे दांडे, त्यामुळे जहाजाचा तळ सपाट हवा. म्हणून मॉडेलचा तळ पण असा सपाट, बघा, टेबलावर आधाराशिवाय जवळजवळ उभी राहते.

आणि हा आवळलेला गळा? बाल्टिकमध्ये शिरायचं तर डेन्मार्कच्या सामुद्रधुनीतून जावं लागायचं, हेलसिंगोरला थांबायचं आणि डॅनिश राजाचा टोल भरायचा. टोल ठरवताना डेकची रुंदी धरायचे असं सांगतात, पोटाची नाही. मग काय, डेक अरुंद ठेवा आणि पोट फुगवा. १६६९ मध्ये मोजायची पद्धत बदलली आणि नंतरच्या फ्लाउटी वरून थोड्या रुंद व्हायला लागल्या. पण मला विचाराल तर नुसतं टोलवर सगळं ढकलणं बरोबर नाही. हिच्यावर तोफा जवळपास नसायच्याच, मग रुंद डेक लागतोच कशाला, आणि वरचं वजन जितकं कमी तितकं जहाज पाण्यात शांत बसतं. माझ्या मॉडेलमध्ये पोट साडेबारा सेंटिमीटर रुंद आहे आणि वरचा डेक जेमतेम नऊ.

अजून एक गोष्ट, माणसं. दोनशे टनाचं इंग्लिश जहाज चालवायला तीस एक खलाशी लागायचे, तेवढाच माल घेऊन फ्लाउट दहा-बारा जणांत जायची. डोलकाठ्या तीनच, शिडं आटोपशीर, आणि दोर ओढायला जागोजागी कप्प्या, म्हणजे चार माणसांची ताकद दोघांत यायची. कमी माणसं म्हणजे कमी पगार, कमी जेवण, त्यामुळे भाडं कमी, आणि भाडं कमी म्हणून सगळ्या युरोपाचा माल यांच्याकडे. मॉडेलसाठी या कप्प्या ३ मिलिमीटरच्या आहेत, प्रत्येकीला दोरा ओवण्यासाठी भोक पाडायचं, रात्री डोळे दुखतात पण प्रत्येक कप्पी तयार करताना वाटतं की एका माणसाचे कष्ट इथे वाचले.

आता खरी गोष्ट, फळ्या. आजकाल मॉडेल करताना आधी कणा, मग फासळ्या, मग त्यावर फळ्या असं करतात. डच सुतार तसं करायचे नाहीत, निदान उत्तरेकडचे तरी. ते आधी तळाच्या फळ्याच एकमेकींना जोडत जायचे, वरून तात्पुरत्या लाकडी पट्ट्या ठोकून, आणि तळ तयार झाला की मग आत फासळ्या बसवायच्या. नकाशा नाही, ड्रॉइंग नाही, डोळ्याचा अंदाज आणि प्रमाणांचे नियम. हे नियम निकोलास विट्सेन या डच लेखकाने १६७१ मध्ये जहाजबांधणीवरच्या पुस्तकात छापून ठेवले म्हणून आज आपल्याला कळतात. उदाहरण सांगतो. जहाजाच्या लांबीत दर दहा फुटांना एक इंच, ही जहाजाच्या नाकाशी, जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या येऊन मिळतात, त्या खांबाची जाडी. शंभर फुटी जहाज, म्हणजे दहा इंच, म्हणजे त्यांच्या इंचाने पावणे सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे माझ्याकडे ५.१ मिलिमीटर. एवढ्या एका नियमावरून मी पहिला तुकडा कापला आणि खरं सांगतो, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने टेबलापलीकडून माप सांगावं तसं वाटलं.

तळ मी त्यांच्याच पद्धतीने केला. पट्ट्या ठोकल्या, नंतर काढल्या, आणि खिळ्यांची भोकं राहिली ती बारीक लाकडी खुंट्यांनी बुजवली. कॅमेरा जवळ घेतोय, हे ठिपके दिसतायत? पाण्याखाली सापडलेल्या जुन्या डच जहाजांच्या फळ्यांवर नेमके असेच बुजवलेले ठिपके मिळतात, आणि त्यावरूनच पुरातत्त्ववाले म्हणतात की हे या पद्धतीने बांधलंय.

लाकूड पेअरचं घेतलं. खरं जहाज ओकचं, पण ओकच्या रेषा एवढ्या छोट्या मॉडेलवर फार जाड दिसतात. तळ झाला, बाजू झाल्या, आणि मग मी मागच्या गोलाईला आलो. इथे फळीला एकाच वेळी वळायचंही असतं आणि पिळायचंही असतं, बाजूने आडवी येते आणि मागच्या खांबाशी पोचेपर्यंत जवळपास उभी होते. पहिली फळी तुटली. दुसरी तुटली. तिसरी बसली असं वाटलं, डिंक लावला, सकाळी बघतो तर मधोमध चीर. मग थांबलो. रात्रभर गरम पाण्यात भिजवायची, सकाळी तापलेल्या लोखंडी नळीवर हळूहळू वळवायची, थोडी पिळायची, कपड्यांच्या चिमट्यांनी जागेवर धरून ठेवायची, वाळली की परत ओली करून अजून थोडी. एका फळीला दोन दिवस. खरे सुतार जाड ओकची फळी जाळावर धरायचे, वरून पाणी मारत राहायचे आणि टोकाला वजन टांगायचे, म्हणजे तत्त्व तेच.

त्या सुतारांना एवढ्या फळ्या कापायच्या कशा हा पण प्रश्न होताच, आणि त्याचं उत्तर पवनचक्की. उइटगेस्टचा कोर्नेलिस कोर्नेलिसझोन याने १५९४ मध्ये वाऱ्यावर चालणारी करवत उभी केली, म्हणजे पहिल्या फ्लाउटच्या फक्त एक वर्ष आधी. झान्से स्खान्स या जुन्या पवनचक्क्यांच्या गावाला तशी एक चक्की आजही लाकूड कापते, योंगे स्खाप नावाची. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो, वर पाती फिरतात, आत करवती वरखाली, ओंडका इंचाइंचाने पुढे सरकतो, आणि ओल्या लाकडाचा तो वास.

वरच्या भागासाठी मात्र मला समुद्राच्या तळाशी बघावं लागलं. स्वीडिश लोक १९५२ मध्ये पाडलेलं एक डीसी-३ विमान शोधत होते, आणि २००३ मध्ये त्या शोधात बाल्टिकच्या तळाशी सुमारे १३० मीटर खोल एक फ्लाउट सापडली, डोलकाठ्या उभ्याच्या उभ्या. बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. तिच्या मागच्या कोपऱ्यांवर लाकडात कोरलेली माणसं होती, त्या काळच्या कपड्यातली. माझ्याकडे तो माणूस बोटाच्या पेरापेक्षा लहान आहे. टोपी कोरताना दोनदा नाक गेलं, तिसरा जमला.

थोडं घरचं सांगतो. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, तिथे डच वखारीचे पडके चिरेबंदी अवशेष आहेत, लहानपणी आम्ही त्याच्या आसपास खेळायचो. डचांनी तिथे १६३७ मध्ये बस्तान मांडलं होतं. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आशियातल्या ताफ्यात फ्लाउटी पण असायच्या, टास्मान हा डच दर्यावर्दी १६४२ मध्ये दक्षिणेकडे निघाला तेव्हा त्याच्या दोन जहाजांतली झेहान ही फ्लाउटच. लहानपणी त्या भिंतींना नुसतं डचांची वखार म्हणायचो, ते डच कुठल्या लाकडावर बसून येत होते हे मला इथे येऊन कळलं.

डोलकाठ्या अजून उभ्या करायच्यात, दोर तर सगळेच बाकी आहेत. पण आज एक काम पूर्ण करतोय. मागे, सुकाणूच्या बाजूला, हे चौकोनी झाकण. नॉर्वेचे लांब ओंडके डेकवरून आत जायचे नाहीत, म्हणून पाठीत खिडकी ठेवायचे, तिथून ओंडके सरळ पोटात सरकवायचे आणि निघायच्या आधी झाकण घट्ट बंद करून फटी ठासून भरायचे. मी स्प्रूसच्या लाकडाचे चौदा ओंडके कापलेत, प्रत्येक आगपेटीतल्या काडीएवढा जाड. हा पहिला. सरळ गेला. हा दुसरा. आता बारा राहिले, मग झाकण लावतो.