सेकंडहँड गाडी बघताय? आधी चेसिस नंबर मागा

नमस्कार मंडळी. आज जरा सेकंडहँड गाडीबद्दल बोलू, म्हणजे ती मिडसाइझ सेडान, जी नवी असताना लांबूनच बघायची असते आणि काही वर्षं जुनी झाली की एकदम आवाक्यात येते. अशी गाडी बघायला गेलं की आपण टायरला लाथ मारतो, दार आपटून आवाज ऐकतो, किलोमीटर बघतो, आणि मालक म्हणतो काय कटकट नाही हो गाडीची. आता तो खोटंच बोलतोय असं नाही, त्याला खरंच माहीत नसतं. कारण कंपनीने रिकॉल काढला, म्हणजे दोष सापडला म्हणून गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, की पत्र जातं नोंदीत असलेल्या पत्त्यावर, गाडी दोन हात फिरलेली असेल नाहीतर मालकाने घर बदललेलं असेल तर ते पत्र पोचतंच असं नाही. रिकॉल मात्र गाडीला चिकटलेला असतो, मालक कितीही बदलू देत.

म्हणून भावाचं बोलायच्या आधी चेसिस नंबर मागून घ्या. बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरही असतो, दोन्ही जुळवून बघा, कागदावरचा पण. एकूण १७ अक्षरं-आकडे, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून, त्यामुळे गोल दिसलं की बिनधास्त शून्य टाका. हा नंबर कंपनीच्या साइटवर टाकला किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगितला की कुठला रिकॉल बाकी आहे ते कळतं.

आता लोक रिकॉल म्हटलं की दचकतात. माझं मत उलटं आहे, रिकॉल निघालाय आणि काम झालंय अशी गाडी मी निवांत घेईन, घाबरायचं ते काम राहिलेल्या गाडीला.

अमेरिकेतली काही उदाहरणं सांगतो. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचंच घ्या. बॅग फुगवायला आत अमोनियम नायट्रेट होतं, वर्षानुवर्षं उष्ण-दमट हवेत राहून ते खराब होतं, आणि मग अपघातात इतक्या जोरात पेटतं की भोवतीचा धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगावर येतात. म्हणजे जीव वाचवायला ठेवलेली वस्तूच जीवावर उठते! अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग परत मागवल्या. त्यात २००१ आणि २००२ च्या काही होंडा अकॉर्ड तर अशा, की चाचणीत त्यांचे इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे ते डबे, फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि तिथल्या सरकारी यंत्रणेने सरळ सांगितलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूच नका. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी आधी काम करून घ्या, मग चावी हातात.

ह्युंदाई सोनाटाचं वेगळं. २०११-१२ च्या गाड्यांचा रिकॉल २०१५ मध्ये निघाला, क्रँकशाफ्ट बनवताना राहिलेला धातूचा कीस ऑइलचा रस्ता अडवत होता, बेअरिंग झिजायचं आणि चालत्या रस्त्यावर इंजिन बंद. पुढे २०१७ मध्ये २०१३-१४ च्या गाड्याही त्यात आल्या. याची खूण कानाला कळते, खालून टकटक येते आणि रेस वाढवली की तीही वाढते. मालकाने गाणी लावली असतील तर आधी ती बंद करायला सांगा.

आणि एकदा रिकॉलचं काम झालं म्हणजे सुटलो असंही नाही. निसान अल्टिमाच्या बॉनेटचा दुसरा लॅच, म्हणजे बॉनेट अचानक उघडू नये म्हणून असलेली जादा खिट्टी, रंग उडून गंजायचा आणि उघडाच अडकून राहायचा, त्यासाठी एकापेक्षा जास्त वेळा रिकॉल काढावे लागले, २०२० मध्ये पुन्हा एकदा. म्हणून जुनी पावती दाखवली तरी नंबर आजच्या तारखेला तपासा.

आता तक्रारींकडे येतो, कारण खिसा खरा इथे रिकामा होतो. रिकॉल मुख्यतः सुरक्षेच्या दोषाला असतो. गाडी ऑइल पिते यात कुणी मरत नाही, मग रिकॉल कशाला? २००७ ते २००९ च्या २.४ लिटरच्या टोयोटा कॅमरीत हीच बोंब होती, पिस्टनमधला दोष, कंपनीने वॉरंटी वाढवून दिली पण रिकॉल नाही, आणि ती वाढीव मुदत कधीच संपली. टोयोटा म्हणजे डोळे मिटून घ्या म्हणणाऱ्यांना हे सांगावं लागतं. अल्टिमाच्या २०१३ पासूनच्या काही गाड्यांत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, थरथरायचा, तिथेही वॉरंटी वाढली, रिकॉल नाही. म्हणजे नंबर टाकल्यावर पाटी कोरी आली तरी गाडी चांगलीच असं समजू नका, त्या मॉडेलचे मालक कशावरून रडतात ते वर्षासकट शोधा, कारण एकाच नावाच्या गाडीत पुढच्या वर्षी इंजिनच वेगळं असू शकतं.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगून ठेवा की गाडी आधी चालू करू नका. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, पातळी बघा, मग सेल्फ मारा आणि मागे सायलेन्सरकडे बघा, निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. चावी फिरवताना एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा, आणि तो लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कुणीतरी दोष लपवायला दिवाच काढून टाकलेला असू शकतो. मग ट्रॅफिकमध्ये हळू, थांबत थांबत चालवा, मोकळ्या रस्त्यावर सीव्हीटी शहाण्यासारखा वागतो. मेकॅनिककडे स्कॅनर असेल तर एक गोष्ट विचारा, गाडीचे कोड, म्हणजे तिच्या काँप्युटरने नोंदवलेले दोष, नुकतेच पुसलेत का? ते स्कॅनरला कळतं, कारण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अजून पुऱ्या झालेल्या नसतात. फोर्ड फ्युजन बघत असाल तर हँडब्रेक लावून बघाच, तिच्या काही वर्षांच्या गाड्यांत गिअरच्या केबलचं बुशिंग निघायचं, लिव्हर पार्कमध्ये दिसायचं आणि गाडी मात्र घरंगळायची, त्याचाही रिकॉल आहे.

आणि गाडी नावावर झाली की त्याच आठवड्यात कंपनीला फोन करून चेसिस नंबरासमोर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नोंदवून घ्या, म्हणजे पुढचं पत्र तरी तुमच्या दारात येईल. येतो मंडळी, नमस्कार.