चालायचं राहूनच गेलं

मघाशी माझी ओळख करून देताना ‘युद्धविरोधी मोर्चासाठी सीमा ओलांडून गेलेले’ असं म्हटलं गेलं. सीमा ओलांडली, हे खरं. मोर्चात मात्र मी एक पाऊलही चाललो नाही. आजचा विषय ‘मोर्चांनी युद्ध थांबतं का?’ असा आहे, तिकडे येतोच.

आधी एक गंमत. ‘मोर्चा’ हा शब्दच लढाईतला. किल्ल्याला मोर्चे लावत, तो हा. शांततेची मागणी करायलाही आपल्याला तोफांशेजारचाच शब्द सापडला! असो.

२००३चा फेब्रुवारी. मी माँट्रियलला शिकत होतो. इराकवर हल्ला होणार हे दिसत होतं आणि १५ तारखेला जगभरच्या शेकडो शहरांत निदर्शनं ठरली होती. माँट्रियललाही होती. पण तरुण वय. म्हटलं, ओरडायचंच तर संयुक्त राष्ट्रांच्या दारात ओरडू. आम्ही चौघे रात्रीच्या बसनं न्यूयॉर्कला निघालो.

सीमेवर सगळ्यांना खाली उतरवलं. व्हिसा होता, आय-९४ या प्रवेश-नोंदीच्या फॉर्मचे ६ डॉलरही भरले. मग अधिकाऱ्याची नजर माझ्या काखेतल्या गुंडाळीवर गेली. ‘उलगडा.’ उलगडली. आत ठळक देवनागरीत ‘युद्ध नको’. हे काय लिहिलंय? मी सांगितलं. कशावरून? आता आली का पंचाईत! अर्थ खरा आहे याचा दाखला मध्यरात्री आणायचा कुठून? त्यानं माझ्या मित्राला बाजूला नेऊन तेच विचारलं. मित्र नेमका तमिळ. तो म्हणाला, ‘मला वाचता येत नाही.’ संशय दुप्पट! तासभर बस आमच्यासाठी खोळंबली, आतले प्रवासी आमच्याशीच युद्ध पुकारायच्या बेतात. शेवटी फलक परत देताना अधिकाऱ्यानं विचारलं, ‘पण तिथे हे वाचणार कोण?’

रागावलो होतो, पण प्रश्न बिनतोड होता. वीस वर्षं तो माझ्या डोक्यात आहे.

न्यूयॉर्कमध्ये तर मोर्चाला परवानगीच नव्हती. संयुक्त राष्ट्रांवरून चालत जायला शहरानं नकार दिला, न्यायालयानं तो उचलून धरला. फर्स्ट अॅव्हेन्यूवर फक्त उभ्यानं सभा. तिथवरही आम्ही पोहोचलो नाही. थर्ड अॅव्हेन्यूवरच पोलिसांच्या कठड्यांत अडकून कुडकुडत राहिलो. तिकडे मी सोडून आलेल्या माँट्रियलमध्ये, त्याहून कडक थंडीत, लाखावर माणसं खुशाल चालत होती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. बरं, मुद्दा.

रोममध्ये सुमारे ३० लाख लोक उतरले, तरी २० मार्चला युद्ध सुरू झालंच. म्हणून सगळं फुकट गेलं म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या सरकारचा निर्णय व्हायचाय आणि ज्याला तुमचं मत हवंय, तिथे मोर्चा वाचला जातो. १७ मार्चला कॅनडाच्या पंतप्रधानांनी, क्रेतियेंनी, संसदेत सांगितलं की आम्ही या युद्धात नाही. तुर्कस्तानच्या संसदेत १ मार्चला अमेरिकी सैन्याला वाट देण्याचा ठराव होता. बाजूनं २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. तटस्थ धरून हजर असलेल्यांच्या बहुमताला तीन मतं कमी पडली आणि ठराव पडला. बाहेर अंकाराच्या रस्त्यांवर हजारो लोक होते. केवळ मोर्चांमुळेच हे झालं, असा माझा दावा नाही. पण माझा फलक माँट्रियलला जास्त कामाचा होता. तिथे मला मत नव्हतं. शेजारून चालणाऱ्यांना होतं.

लंडनचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तिथेही लाखो लोक होते, सरकारला त्यांची मतंही हवी होती, तरी ब्रिटन युद्धात गेलं. त्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ते चहा घेता घेता.