बाबा, वायर लावली का?

नमस्कार मंडळी. आज माझ्या प्लग-इन हायब्रिड, म्हणजे विजेवर आणि पेट्रोलवर दोन्हीवर चालणाऱ्या गाडीबद्दल बोलणार आहे, पण घाबरू नका, बॉनेट उघडून इंजिनाचे पार्ट मोजत बसणार नाही.

त्याचं काय झालं, गेल्या महिन्यात पेट्रोल भरायला गेलो. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना माहितीच आहे, इथे स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे, १९४९ चा कायदा आहे तो, सगळ्या अमेरिकेत आता एकटं आपलंच राज्य तो धरून बसलंय, त्यामुळे पंपावरच्या माणसाशी आपोआप ओळख होते. आमच्या पंपावरचे सरदारजी मी काच खाली केल्या केल्या म्हणाले, "अरे भाईसाब, मुझे लगा आप टेक्सास शिफ्ट हो गये!" मी म्हटलं नाही हो पाजी, इथेच आहे, गाडी बदलली.

तर गाडी म्हणजे टोयोटाची रॅव-फोर प्राइम, २०२१ चं मॉडेल. (आता कंपनीने प्राइम नाव काढून सरळ रॅव-फोर प्लग-इन हायब्रिड असंच ठेवलंय, बरं केलं, कारण दोन वर्षं मला सगळे विचारत होते की प्राइम म्हणजे ॲमेझॉनचं काही आहे का.) हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड यात लोकांचा फार घोळ होतो म्हणून एकदाच सांगतो. साध्या हायब्रिडमध्ये बॅटरी असते दीड-पावणेदोन युनिटची, ती इंजिनावर आणि ब्रेक मारताना परत येणाऱ्या करंटवर भरते, तिला वायर लावायला जागाच नसते. माझ्या गाडीत बॅटरी १८.१ युनिटची, घरच्या प्लगवर भरायची, आणि मग पेट्रोलचा थेंब न जाळता ४२ मैल म्हणजे साधारण ६७ किलोमीटर जाते. हे सरकारी आकडे, आणि उन्हाळ्यात ते खरे ठरतात. बॅटरी संपली की गाडी गुपचूप साधी हायब्रिड होते आणि गॅलनला ३८ मैल देते. रस्त्यात अडकायची भीती नाही. एडिसनहून प्रिन्स्टनकडे माझं ऑफिस, जाऊन येऊन ३८ मैल, म्हणजे हिशोब जवळजवळ माप घेऊन शिवल्यासारखा बसला.

आता घरचा किस्सा. गाडी आली तेव्हा मी शहाणपणा केला, म्हटलं चार्जरवर वेगळा खर्च कशाला, गाडीबरोबर आलेली वायर आहे ती गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगला लावू, बारा तास लागतात तर लागू देत, रात्र कुणाच्या बापाची आहे. पण त्याच लाइनवर आमचा डीप फ्रीझर, आणि त्यात गणपतीसाठी बायकोने आणि तिच्या मैत्रिणींनी दोन रविवार खपून केलेल्या साठ पुरणपोळ्या. गाडी सतत बारा अँपिअर ओढते, त्यात रात्री कधीतरी फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि ब्रेकर पडला. सकाळी गाडी अर्धी भरलेली म्हणून मला कळलं, पण फ्रीझरचं लक्षातच आलं नाही, मी नुसती वायर स्वयंपाकघराच्या बाजूच्या प्लगला लावली आणि आत गेलो. फ्रीझरचं संध्याकाळी कळलं. त्या संध्याकाळबद्दल मी रेडिओवर जास्त बोलू शकत नाही. दुसऱ्याच आठवड्यात टाउनशिपचं परमिट काढून २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढून घेतली, आता साडेचार तासात भरते, आणि तुम्हाला सांगतो, गाडी बुक करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला फोन करा, कारण कुठलाही सेल्समन तुमच्या फ्रीझरची चौकशी करणार नाही.

चालवायला कशी? मस्त. इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून ३०२ हॉर्सपॉवर, शून्य ते साठ मैल ५.७ सेकंदात, आणि हे भाजी आणायच्या गाडीत, ज्याची खरं म्हणजे कुणालाच गरज नाही, पण रूट वनच्या रॅम्पवर मर्ज होताना मजा येते हे कबूल करतो. मला खरी आवडते ती शांतता. कमी स्पीडला पायी चालणाऱ्यांना कळावं म्हणून गाडी एक बारीक सूर काढते, तसा नियमच आहे, तर आई पुण्याहून आली होती ती पहिल्या दिवशी ड्राइव्हवेत उभी राहून म्हणाली, "अरे, शेजारी कुणी तंबोरा जुळवतंय का?"

थंडीत मात्र ही गाडी थोडी नखरे करते. जानेवारीत तेच ४२ मैल तिशीवर येतात. बॅटरीवर गाडी गरम करणारा हीट पंप आहे, पण फार गारठा पडला आणि हीटर लावला की इंजिन उठतंच, आणि समोरच्या काचेवरचं धुकं काढायचं बटण दाबलं तर तेव्हाही उठतं. मला हे माहीत नव्हतं, मी आठवडाभर गाडी बिघडली समजून हैराण.

आता पैशाचं. पार्टीत सगळे हेच विचारतात, आणि विकणारे लोक इथेच गोल गोल बोलतात. ४२ मैलांना साधारण १५ युनिट लागतात, माझ्याकडे युनिट १८ सेंटला पडतं, म्हणजे दोन डॉलर सत्तर सेंट. माझी जुनी गाडी २२ चं ॲव्हरेज द्यायची, तेवढ्याच अंतराला सहा डॉलरचं पेट्रोल. वा वा. पण थांबा. हीच गाडी नुसत्या पेट्रोलवर चालवली तर साडेतीन डॉलर लागतात! म्हणजे साध्या हायब्रिडच्या पुढे माझी बचत दिवसाला ऐंशी सेंट, चहासुद्धा येत नाही त्यात. ७,५०० डॉलरचा टॅक्स क्रेडिट, म्हणजे आयकरात सूट, मिळाला म्हणून मी घेतली, तो आता नाही, आणि इंजिन आहे म्हटल्यावर ऑइल चेंजही सुटत नाही. तेव्हा फक्त पैसे वाचवायला घेणार असाल तर साधी हायब्रिड घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

आणि वायर लावायचा कंटाळा असेल तर अजिबात घेऊ नका. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या प्लग-इन गाड्या तपासल्या, कागदावर गॅलनला १३० मैल, प्रत्यक्षात चाळीसच्याही आत, आणि काही गाड्यांच्या वायरी तर अजून प्लास्टिकच्या पिशवीत! सरकारची सबसिडी घेतली, पेट्रोल कंपनीच्या खात्यावर, मग वायर कोण लावतंय. मार्च २०२४ मध्ये युरोपियन कमिशननेही रस्त्यावरचे आकडे काढले, या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड लॅबमधल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. आमच्याकडे यावर उपाय म्हणजे मुलगी. जेवण झालं की वरून ओरडते, "बाबा, वायर लावली का?" हे मी तिला शिकवलेलं नाही, पुरणपोळ्यांच्या प्रकरणात ती साक्षीदार होती एवढंच.

लांबच्या प्रवासाला एक युक्ती. २०२२ ला इथल्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला अटलांटिक सिटीला गेलो, तेव्हा पार्कवे हायवेवर मुद्दाम पेट्रोल मोड ठेवला आणि बॅटरी गावातल्या ट्रॅफिकसाठी राखली, कारण हायवेच्या स्पीडला बॅटरी पाण्यासारखी संपते आणि सिग्नलला थांबत थांबत जाताना पुरवून पुरवून चालते. आणि हो, ऑफिसच्या चार्जरवर पूर्ण इलेक्ट्रिकवाला ताटकळत असेल तर आपली वायर काढून द्यावी. त्याच्याकडे पेट्रोलची टाकी नाही.

पुण्याचा भाऊ हे सगळं ऐकून म्हणतो, मलाही अशीच पाहिजे. मी म्हटलं, एक तर तिकडे प्लग-इन हायब्रिड अजून महागड्या गाड्यांमध्येच मिळते, आणि मिळाली तरी तू चौथ्या मजल्यावर, गाडी खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये, प्लग कुठाय? तो म्हणाला, पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये विषय काढतो. मागच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या झाकणावर दोन तास गेले होते, आणि झाकण अजून आलेलं नाही.